बाळंतपणाचं विमान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. परवा रविवारी मावशीकडून घरी आलो तेव्हापासून नुसती चिडचिड चाललीय. पोरांवर ओरडलो, वॉचमनवर ओरडलो, गंगापूर रोडच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याशी भांडलो. ज्याच्यावर ओरडायला हवं तो सोडून सगळ्यांवर.

मी एका विमान कंपनीत आहे. आठवडाभर मुंबईत, शनिवार-रविवार नाशिकला. वैमानिक वगैरे नाही. कुठल्या मार्गावर कोणतं विमान लावायचं, हे ठरवणाऱ्या विभागात बसतो. मावशी मात्र अख्ख्या कॉलनीला सांगते, "आमचा सुहास विमानं पाठवतो." काका ओझरच्या विमान कारखान्यात होते, ते गेल्यापासून त्या घरात विमान म्हटलं की माझंच नाव. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

तर, नवीन विमान कुठे जातं? लोकांना वाटतं, प्रवास लांबचा, माणसं म्हातारी, तिथे चांगलं विमान देत असतील. छे! नवी विमानं येतात एकेक करून आणि मागणारे मार्ग ढीगभर. मग आम्ही बघतो — पुढच्या महागड्या खुर्च्या कुठे भरतात? मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब कुठे जातात? समोरच्या कंपनीने नवं विमान कुठे आणलंय? जिथे नाराज झालेला प्रवासी दुसरीकडे जाईल, तिथे नवं. जिथे तो जाऊन जाऊन जाणार कुठे, तिथे जुनं. यात पाप कसलं, धंदा आहे — असं मी स्वतःला सांगत आलो.

कॅनडाचा मार्ग मध्येच लोंबकळत होता. पुढच्या खुर्च्या रिकाम्या, मागे मुंगी शिरायला जागा नाही. तिथलं जुनं विमान सारखं बिघडायचं, म्हणून आमच्या साहेबांना तिथे नवं द्यावंसं वाटत होतं. त्यांनी मला विचारलं, कारण तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना ओळखणारा मी. आणि मी काय म्हणालो?

म्हणालो, सर, हे तर बाळंतपणाचं विमान आहे. आमच्याकडे मुलगी बाळंत व्हायची असली की आई जातेच. तिला तारीख पुढे ढकलता येत नाही आणि विमान कोणतं, हे ती विचारत नाही. खुर्ची मागे जात नसेल, समोरची स्क्रीन बंद असेल, तरी ती तक्रार करायची नाही. उतरल्यावर म्हणते, असू दे, पोचले ना!

सगळे हसले. मीही हसलो. नवं विमान युरोपला गेलं. ऐनवेळी बिघाड झाला तर पाठवायला एक जादा विमान राखून ठेवतात, तेही तिकडेच.

मला कुणी भरीस घातलं नव्हतं. हे शहाणपण मी आईच्या, मावशीच्या स्वयंपाकघरात बसून शिकलो आणि तिथे नेऊन विकलं. वर राग यायचा तो आपल्याच माणसांचा — का बोलत नाहीत ही? का सगळं सोसतात? पण ती बोलली असती तर मी खोटा पडलो असतो, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

मग पल्लवीला दिवस गेले. पल्लवी म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, कॅनडात असते. नवरा कामासाठी निम्मा महिना दुसऱ्या शहरात, त्यामुळे आई जवळ हवीच होती. मावशीला लवकर निघायचं होतं, दुसऱ्या कंपनीने, वाटेत एकदा विमान बदलून. पण सिन्नरला दिरांच्या मुलाचा साखरपुडा निघाला आणि तिची ओढाताण सुरू झाली. तिने मला विचारलं. मी सोफ्यावर पाय पसरून म्हणालो, साखरपुडा करून जा, आमचं थेट विमान आहे.

"विमान चांगलं आहे ना रे?"

"एकदम नवं," मी म्हणालो.

का म्हणालो? विमानं पाठवणाऱ्या भाच्याने कसं सांगायचं, की तुझ्या वाट्याला मोडकं मीच पाठवलंय?

ते विमान धावपट्टीपर्यंत गेलं आणि परत आलं. दुरुस्ती झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बदली विमान नव्हतं — का नव्हतं, ते तुम्हाला सांगितलंच. मावशी मुंबईतल्या हॉटेलात बसून मला फोन करत होती. मी धडपड केली असती तर तिला दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवता आलं असतं. पण मग ती विचारणार, नवं विमान असं कसं रे बिघडतं? मी फोन उचलले नाहीत. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज टाकला. मीटिंग नव्हती.

ती पोचायच्या आदल्या दिवशी पल्लवीला कळा सुरू झाल्या. नवरा लांब, शेजारच्या पंजाबी बाईंनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण ऑपरेशनला जाताना हात धरायला घरचं कुणी नव्हतं. आई पोचल्यावर ती म्हणाली, "तुला साखरपुडा महत्त्वाचा होता." एवढंच. मावशीचंही तेच मत झालं होतं.

तेव्हापासून मायलेकी फोनवर हवापाण्याचं बोलतात. मावशी मला सांगते, "चूक माझीच रे. मला मेलीला कुणाला नाही म्हणता येत नाही." माझं नाव तिने एकदाही घेतलेलं नाही. मी तिला थांबवलं, हे पल्लवीला ठाऊकच नाही. आणि मावशी ते विसरलीय, की मला सांभाळून घेतेय? विचारायची छाती नाही माझी. मी तिच्या हातचं वरण-भात खात मान डोलावतो. नुसती मान नाही — एकदा तर म्हणालो, "जाऊ दे मावशी, होतात चुका." म्हणालो की! मी तिला माफ केलं!

यंदा त्या मार्गावर नवं विमान लागलं. आयांची दया आली म्हणून नव्हे. दुसऱ्या कंपनीने तिथे नवं आणलं म्हणून. तो प्रस्ताव मीच मांडला आणि शाबासकी घेतली.

पल्लवी आता पुन्हा गरोदर आहे. या वेळी तिने सासूबाईंना बोलावलंय. परवा मावशीने माझ्यापुढे डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. म्हणाली, "उद्या मुंबईच्या विमानतळावर त्यांच्याकडे दे. आणि एवढं सांग त्यांना — लाडू मी केलेत म्हणू नका, तुम्हीच केलेत म्हणा. नाहीतर ती खायची नाही."

मी डबा घेतला. काल सासूबाईंच्या हातात दिला, आणि निरोपही जसाच्या तसा सांगितला.