एका होडीतला अबोला

एल्वुड ग्रिंडलसारखा हट्टी माणूस अमेरिकेतल्या अख्ख्या मेन राज्यात दुसरा नाही, असं म्हणायची सोय नाही, कारण त्याचा धाकटा भाऊ मर्ल त्याच गावात राहतो. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तेही एकाच होडीत बसून! हसू नका. होडी बापाची. म्हातारा जाताना म्हणाला, "होडी दोघांची," आणि डोळे मिटून मोकळा झाला. होडी काही मधोमध कापता येत नाही, आणि शनिवारी तलावावर न जाता घरी बसणं दोघांपैकी एकालाही जमणारं नव्हतं. मग काय, एल्वुड मागे मोटरीपाशी, मर्ल पुढच्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून. उन्हाळाभर काठच्या कमळपानांशेजारी बास जातीचे मासे धरायचे, पाणी गार पडलं की खोलात ट्राउट.

भांडण कशावरून? माशावरूनच की, आणखी कशावरून असणार! एल्वुडच्या गळाला उभ्या जन्मात लागला नव्हता एवढा ट्राउट लागला, आणि मर्लने हातजाळं घातलं ते शेपटीकडून. मासा डोक्याकडून जाळ्यात घ्यायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेपटीला जाळं टेकलं की तो असा उसळतो, की दोरी तुटलीच समजा. तुटली. एल्वुड तोंडाला येईल ते बोलला आणि वर म्हणाला, "जन्मात पुन्हा माझ्या माशाला जाळं लावायचं नाही!"

"नाही लावणार," मर्ल म्हणाला. झालं, तेव्हापासून तोंडाला कुलूप.

एरवी एल्वुड म्हणजे देवमाणूस. हिवाळ्यात गावातला बर्फ काढायचा ट्रक तो चालवायचा, आणि पहाटे सगळ्यात आधी मोकळं व्हायचं ते मर्लचं अंगण. एल्वुडची बायको आर्लीन टोचायची, "अंगण साफ करतोस, मग दोन शब्द बोलायला काय धाड भरते?"

"ट्रक वळवायला तिथंच जागा आहे," हा आपला ठरलेला जबाब. मर्लची बायको वारल्यापासून आर्लीन दर शनिवारी त्याच्यासाठी बीन्स भाजून द्यायची. ते भांडं एल्वुडच नेऊन पायरीवर ठेवायचा आणि दार न वाजवता चोरासारखा परत यायचा.

होडीत काही सांगायची पाळी आलीच, तर हवेशी बोलायचं. "मोटरीला तेल लागणार बहुतेक," एल्वुड ढगांना सांगायचा, आणि मर्ल मुकाट्याने कॅन मागे सरकवायचा. "कुणाला डोनट हवा असेल तर पिशवीत आहे," मर्ल पाण्याला सांगायचा. असा संसार चालला होता.

नवव्या वर्षी मात्र मर्लने घर विकलं. तो ॲरिझोनात मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता, सोमवारी. एल्वुडला हे कुठे कळावं? खिळे आणायला गेला त्या दुकानात! घरी आला तो लालबुंद होऊन. "तिथं चूळ भरायलासुद्धा पाणी नाही! हा काय वाळूत गळ टाकणार आहे?"

"मग सांग ना त्याला, जाऊ नको म्हणून."

"मी का सांगू?"

"बरं, नको सांगू. मंगळवारी सांग, ढगांना," आर्लीन म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली.

शनिवारी ट्राउटच्या हंगामाचा शेवटचा दिवस. काठची मेपलची झाडं लालभडक पेटली होती, ऊन कसं कोवळं, आणि एल्वुडला त्यातलं काही दिसत नव्हतं. वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं. आज नाही बोललो तर संपलं, हे त्याला कळत होतं. पण मेली जीभच उचलेना!

तेवढ्यात त्याची काठी कमानीसारखी वाकली. मासा साधासुधा नव्हता. कितीतरी वेळ त्याने एल्वुडला झुंजवलं आणि अखेर दमून होडीजवळ आला. बापरे, केवढा तो ट्राउट! एल्वुडचे दोन्ही हात काठीला, आणि जाळं मर्लच्या पायाशी.

"कुणीतरी जाळं घातलं तर बरं होईल," एल्वुड आभाळाला म्हणाला. मर्ल पलीकडच्या काठाकडे बघत बसला.

"मर्ल!" एल्वुड ओरडला.

मर्ल गर्रकन वळला. "काय?"

"जाळं घाल!"

"नाही घालणार. तूच म्हणाला होतास, जन्मात लावायचं नाही."

"अरे गाढवा, मासा बघ!"

"बघतोय. त्याही दिवशी बघत होतो. तू त्याला उलटा ओढून आणलास, डोकं होडीखाली! मी काय पाण्यात बुडी मारून डोकं शोधायला हवं होतं?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू बोलू देत होतास? सगळा तलाव ऐकत होता माझी शोभा!"

एल्वुडला तो दिवस आठवला. शेपटीच आधी वर आली होती. खरंच की! नऊ वर्षं चूक आपलीच. त्याचे हात ढिले पडले, दोरी सैल झाली. माशाने डोकं झटकलं, गळ थुंकला आणि सावकाश खाली निघून गेला.

मर्लचा चेहरा उतरला. "झालं. आता आणखी नऊ वर्षं."

"खड्ड्यात गेला मासा," एल्वुड म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलंच नाही. "चूक माझी होती. तू जाऊ नकोस रे."

मर्लने पायाशी पडलेलं जाळं उगाच सरळ केलं. मग म्हणाला, "घर विकलंय मी."

"आमची वरची खोली रिकामी आहे."

"आर्लीनला विचारलंस?"

"तिने बुधवारीच पडदे धुऊन लावलेत."

"आणि पोरीला काय सांगू?"

"सांग, उन्हाळ्यात तूच इकडे ये. तिथं भाजून निघण्यापेक्षा बरं."

मर्लने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "बरं," तो म्हणाला.

दिवस कलताना आर्लीन धक्क्यावर येऊन उभी राहिली. लांबून एक होडी येत होती आणि तिच्यातून मोठमोठ्याने बोलणं, हसणं, एकमेकांना शिव्या देणं ऐकू येत होतं. आर्लीनला वाटलं, ही आपली होडी नव्हे, दुसऱ्याच कुणाची असेल.