खारीचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका. पोटात ठेवून ठेवून आता सहन होत नाही, एवढंच.

नव्वदीची शेवटची वर्षं. पनवेलजवळ खांदा कॉलनीत एका गाळ्यात कॉम्प्युटर ॲनिमेशनचा स्टुडिओ होता. मालक सोडले तर आम्ही दोघीच — मी आणि वनिता. ती जासईची, मिठागरवाल्यांच्या घरातली. घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालूच होतं. बापानं एकच सवलत दिली होती — नोकरी हाय तोवर लग्नाचं नाव नाय. त्या नोकरीवर तिचं सगळं टांगलेलं होतं. मला माहीत होतं हो. रोज एका डब्यात जेवायचो, माहीत कसं नसेल?

बिस्किटाची जाहिरात होती. एक खार धावत येते, सुटलेली एसटी पकडते, दारातल्या दांड्याला लटकते. आता कॉम्प्युटरला काय कळतंय, दांडा कुठला न् हात कुठला! हात दांड्याला टेकला, की त्या क्षणापासून तो दांड्याला बांधून टाकायचा. मग बस जाईल तिकडे हात जातो. हे बांधणं वनिताचं, बस चालवणं माझं. पण नंतर बस हलवली, तर बांधायच्या क्षणी दांडा पुढे गेलेला असतो आणि हात रिकाम्या हवेत बांधला जातो. म्हणून बसला धक्का लावायचा तर तिचा नियम ठरलेला. माझे कान किटेपर्यंत सांगायची — "आदी सोड, मंग हलव, मंग परत बांध."

बिस्किटवाले येणार त्या सकाळी मालक म्हणाले, फिल्ममध्ये बस जरा लवकर येऊ दे. वनिता यायची होती, वाटेत पळस्प्याला कंटेनरच्या रांगेत अडकली होती. थांबायचं ना मी? नाही थांबले. वाटलं, त्यात काय एवढं, आपल्यालाही येतंय की! हात न सोडताच बस पुढे ओढली. तिच्याच फाइलवर सेव्ह केली. आणि — एकदा चालवून बघितलीसुद्धा नाही.

वनिता आली आणि पाठोपाठ पाहुणे. फिल्म लागली. दांडा एकीकडे, खार भलतीकडे — हवेतच मूठ आवळून बसमागे फरपटत चाललेली. पाहुणे हसले, उठले, काम गेलं. मालकांनी विचारलं, हे कुणी केलं?

मी म्हणाले, "हात वनिता बांधते."

खोटं आहे का यात काही? एक शब्द तरी? वनितानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. ती आठवत होती, आपलं कुठं चुकलं. मला एकदा बघू द्या, म्हणाली. मालकांनी मशीनला हात लावू दिला नाही. मी शेजारी उभी होते. पाणी प्यायले. वनिताची नोकरी गेली; दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

लग्न लगेचच झालं. मी गेले — निर्लज्जासारखी नटूनथटून गेले. हळदीच्या हातांनी तिनं माझा हात धरला.

"हात कुठं सुटला गं? मी तर घट्ट बांधलेला."

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायचं होतं ना? मी म्हणाले, होतं गं असं कधी कधी. आणि पंगतीला जाऊन बसले. जेवले पण.

पुढे मी हेच काम शिकवायला लागले. मुलांना पहिल्या दिवशी सांगते — आधी सोडा, मग हलवा, मग परत बांधा. मुलं म्हणतात, मॅडम, लगेच लक्षात राहतं. कुणाचं वाक्य, ते मी सांगत नाही.

मध्यंतरी पनवेलच्या बाजारात वनिताची बहीण भेटली. वनितानं नंतर कधी कॉम्प्युटर उघडलाच नाही, म्हणाली. "ताई म्हनते, आमच्या हाताला ते काम जमन्यासारखं नव्हतंच."

जमत होतं. माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. हात तिनं घट्टच बांधला होता. बस मी हलवली.