आप्पा वकिलांचा गिअरबॉक्स

आमच्या भवानी पेठेत गॅरेजपुढं मोटार बंद पडली की आधी बघे जमतात, मग चहा येतो आणि मेकॅनिक सगळ्यात शेवटी येतो. तोवर एखादा किस्सा होऊन गेलेला असतो! माझं स्पेअर पार्टचं दुकान गफूरभाईंच्या गॅरेजला लागूनच. त्यामुळं असे किस्से माझ्याकडं आपोआप साठत गेले. त्यातले निम्मे तरी आप्पा वकिलांच्या गाडीचे.

गाडी म्हणजे जुनी विलायती स्पोर्ट्स कार. लाल, उघडी, दोन सीटची. गिअर तीनच, आणि त्यातला दुसरा जागेवर टिकायचा नाही. चालता चालता दांडी सटकन सुटायची.

त्यावर आप्पांनी उपाय काढला होता. गिअर त्यांनी टाकायचा, आणि शेजारी बसून दांडी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, धरायची!

एकदा दोघं वहिनींच्या माहेरी, मैंदर्गीला निघाले होते. चढावर समोरून वहिनींचे काका बैलगाडीतून आले. वहिनींनी पदर सावरला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. दांडी सुटली, इंजिन बोंबललं, गाडी जागेवर थांबली.

"अगं, दांडी!" आप्पा ओरडले.

"अय्यो, दांडी कुटं पळून जाती व्हय? काका रोज भेटत्यात का?"

*

पुढं सुलूचं, म्हणजे आप्पांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न ठरलं. स्थळ बार्शीचं. मुलगा कॉलेजात शिकवणारा. आप्पांनी जाहीर केलं, "सुलूची पाठवणी माझ्या गाडीतनं. मी स्वतः नेऊन पोचवणार!"

सुलू म्हणाली, "या की. पण शालू नेसून मी दांडी धरणार नाही हं!"

झालं, गाडी गफूरभाईंकडं आली. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, आत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. खरखर ऐकू येऊ नये म्हणून आधीच्या कुणा मिस्त्रीनं ऑइलमध्ये चक्क लाकडाचा भुसा कालवला होता!

"क्या वकीलसाब," गफूरभाई म्हणाले, "ये गिअरबॉक्स है की सुताराचं दुकान?"

*

जुन्यात काही राम उरला नव्हता. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा चार गिअरचा बॉक्स शोधून आणला. आप्पा त्याला नजरेआड होऊ देईनात, म्हणून तो त्यांच्याच ओसरीवर खोलला. गफूरभाई एकेक पार्ट दाखवून समजावत होते. "ही पितळेची रिंग. ही आतल्या दोन्ही दातेरी चाकांचा वेग आधी जुळवती, मग दात बसत्यात. खरखर न्हाय, भांडण न्हाय."

आतून वहिनींचा आवाज आला, "तसली एक मला द्या. लग्न होईस्तवर ह्यांच्यात नि व्याह्यांत बसवते!"

*

गफूरभाईंनी सगळी चाकं रॉकेलनं धुऊन वहिनींच्याच परातीत ओळीनं मांडली होती. परत बसवताना कुठल्या चाकाशेजारी कुठलं लागेल, त्या क्रमानं. आम्ही चहाला गेलो आणि वहिनींना पापडाच्या पिठासाठी परात आठवली. परत येऊन बघतो तर परात गायब, आणि चाकं चटईवर लहान-मोठी बघून झकास रचलेली!

गफूरभाईंनी कपाळावर हात मारला. "वैनी, तुमी नुसत्या उंचीवरनं लग्नं जमवली की! गोत्र कुणी बघायचं?"

ती गोत्रं जुळवता जुळवता बिचाऱ्यांना घाम फुटला.

*

नव्या बॉक्सात गिअरच्या जागा बदलल्या होत्या. आप्पा दिसेल तिथं सराव करायचे. ताटावर चमच्यानं, कोर्टात छत्रीच्या मुठीनं. एकदा जोरदार युक्तिवाद चाललेला, आणि डावा हात छत्रीवर. जजसाहेब बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "वकीलसाहेब, इंजिनचा आवाज लई येतोय, पण केस जागची हलेना!"

*

पाठवणीच्या दिवशी गाडी फुलांनी मढवली होती. आप्पा कोट घालून स्टिअरिंगवर बसले. शेजारी सुलू बसली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात बार्शीच्या एका म्हातारबांनी विचारलं, "आणि नवरा कुटं बसायचा?"

सगळा मांडव गाडीत डोकावला! इतके दिवस सगळ्यांनी गिअर मोजले, सीटा कुणीच मोजल्या नव्हत्या.

"नवरा-नवरी जोडीनंच उंबरा ओलांडणार," म्हातारबा हटून बसले.

आप्पा उतरले. चेहरा एवढासा झाला. त्यांनी किल्ली जावयापुढं धरली. "घ्या. सांभाळून न्या."

जावई मान खाली घालून म्हणाले, "मला फक्त सायकल येते."

आता काय? मी गफूरभाईंकडं बघितलं, गफूरभाई चपलेकडं बघत होते. सुलूनं आप्पांच्या हातातून किल्ली घेतली, शालू खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर सरकली.

"बसा हो," ती नवऱ्याला म्हणाली.

पहिला पडला. दुसरा पडला. खरखर नाही, काही नाही. मुंडावळ्या उडवत लाल गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली.

आप्पा भर रस्त्यात उभे. डोळे भरलेले, तोंड उघडं. "हिला... हिला गाडी शिकवली कुणी?"

"गप बसा ओ जरा," वहिनी म्हणाल्या. त्या पदरानं नाक पुसत रस्त्याकडं कान लावून उभ्या होत्या. "ऐका... टाकला बघा तिनं चौथा!"