बाटल्या कोणी धुतल्या होत्या?

डॉ. यमुनाक्का चौगुले यांची आणि माझी पहिली भेट बेळगावच्या बसस्टँडवर झाली. गोव्याच्या गाडीने एक नवी संशोधक विद्यार्थिनी समुद्राचं पाणी घेऊन येते आहे, उतरवून घे, असं सांगून आमच्या मार्गदर्शक सरांनी मला पाठवलं होतं. खडेबाजारातल्या घरातून इस्त्रीचा शर्ट घालून, ओळख करून देण्याची दोन झकास वाक्यं मनात घोळवत मी गेलो. गाडी आली तर दारातच कंडक्टर यमुनाक्कांना अडवून उभा. गोव्याच्या हद्दीजवळच्या कणकुंबीपासून त्याला संशय होता की कॅनमध्ये गोव्याची दारू आहे.

"क्यानदाग एन ऐती?" कॅनमध्ये काय आहे, असं त्याने कन्नडमध्ये दरडावून विचारलं.

"समुद्र ऐत्री," यमुनाक्का शांतपणे म्हणाल्या, आणि झाकण काढून त्यांनी त्याच्या तळहातावर थोडं ओतलं. त्याने जीभ लावली आणि थू थू करत बाजूला झाला. सगळी गाडी हसली. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. माझी दोन वाक्यं माझ्याजवळच राहिली आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

हा गौरवलेख आहे याची मला जाणीव आहे. पण यमुनाक्कांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात खोटं गोड लिहिण्यापेक्षा खरं आंबट लिहावं, असं मी ठरवलं आहे. पन्नासएक वर्षं मी या बाईंचा हेवा केला. माझ्यापेक्षा त्या दोनच वर्षांनी मोठ्या, पण पहिल्या आठवड्यापासून त्या मला 'अरे' म्हणतात आणि मी त्यांना 'अहो आक्का'.

आमचा विषय होता समुद्रातली विषारी सूक्ष्म शैवालं. डोळ्यांना न दिसणाऱ्या या एकपेशीय वनस्पती एखाद्या हंगामात इतक्या वाढतात की पाण्याचा रंग बदलतो. तिसऱ्यांनी, म्हणजे शिंपल्यांनी, त्या खाल्ल्या आणि ते शिंपले माणसाने खाल्ले, की माणूस आजारी पडतो. त्यांना वाढायला नायट्रोजन लागतो, फॉस्फेट लागतं. पण पाण्यातलं फॉस्फेट संपल्यावरही काही जाती वाढतच राहतात. कशाच्या जोरावर? हा प्रश्न सरांनी आमच्यापुढे टाकला होता. समुद्र नसलेल्या गावात बसून, बसने आणलेल्या पाण्यावर आम्हाला त्याचं उत्तर शोधायचं होतं.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

प्रयोगाच्या बाटल्या यमुनाक्का सौम्य ॲसिडमध्ये बुडवून ठेवत आणि शुद्ध पाण्याने विसळून घेत. साबण नाही, घासणी नाही. मी पडलो सोवळ्या घरातला. साबणाशिवाय भांडं स्वच्छ होतं, हे मला पटेचना. त्या दोन आठवडे आपल्या गावी, बेळगुंदीला, रताळी काढायला गेल्या होत्या, तेव्हा मी सगळ्या बाटल्या कपडे धुण्याच्या पावडरीने खसाखसा घासल्या. आरशासारख्या चमकायला लागल्या! त्यांत फॉस्फेट नसलेलं पाणी भरलं, शैवालं सोडली. दिवसामागून दिवस ती वाढतच गेली. मी धावत सरांकडे गेलो. "सर, ही शैवालं फॉस्फेट आत साठवून ठेवतात! आधीच्या साठ्यावर वाढतात!"

सर उठून प्रयोगशाळेत आले. शैवाल न घातलेली, नुसत्या पाण्याची एक बाटली त्यांनी उचलली आणि फॉस्फेटची तपासणी लावली. फॉस्फेट असेल तर ते पाणी निळं होतं. ते निळंशार झालं. त्या काळच्या धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असायचं, हे रसायनशास्त्र शिकलेल्या मला आठवलं नव्हतं. मी शैवालांना स्वतःच्या हाताने जेवू घालत होतो.

"बाटल्या कोणी धुतल्या?" सरांनी विचारलं.

"मी धुतल्या, सर, गावाला जायच्या आधी," यमुनाक्का म्हणाल्या. त्या नुकत्याच गावाहून आल्या होत्या, रताळ्यांची पिशवी अजून हातात होती.

संशोधनाच्या जहाजावर आमच्यापैकी एकालाच जाता येणार होतं आणि सरांनी त्यांचं नाव पक्कं केलं होतं. ते नाव तिथल्या तिथे खोडलं गेलं आणि माझं घातलं गेलं. बाहेर आल्यावर मी कसंबसं विचारलं, "आक्का, असं का केलंत?"

"तुझं त्वांड बघवंना रं," त्या म्हणाल्या. "आणि साबण का लावायचा न्हाय, ते मी तुला धड सांगितलंच न्हवतं. मग चूक माझीबी हायच की."

मी जहाजावर गेलो आणि ओकत ओकत परत आलो. यमुनाक्का इकडे तीच ॲसिडची बादली घेऊन बसल्या. शैवालांना आधी उपाशी ठेवायचं, मग फॉस्फेट द्यायचं, मग ते पुन्हा बंद करायचं, असं त्यांनी कित्येक महिने केलं. आणि निघालं काय? शैवालं खरोखरच साठवतात! मिळेल तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त फॉस्फेट आत घेतात आणि पुढे कितीतरी वेळा पेशी दुभंगल्या तरी त्या साठ्यावर निभावतात. सभेत समजावताना त्या म्हणाल्या, "आमच्यात सुगीला कणगी भरत्यात, तसं." मोठमोठ्या विद्वानांनी माना डोलावल्या. अहो, शिक्षा म्हणून मागे ठेवलेल्या बाईंनी त्या शिक्षेतूनच नाव काढलं! सांगा, जळफळाट होणार नाही तर काय होईल?

त्यांच्या निबंधाच्या शेवटी एक ओळ होती: साठ्याची शंका प्रथम बोलून दाखवल्याबद्दल माझे आभार. त्या एका ओळीवर मी उभा जन्म काढला. पुढे आम्ही दोघंही प्राध्यापक झालो, तेव्हा स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत मी हळूच सांगत असे, "कल्पना मूळ आमची हो. नाव त्यांचं झालं, चालायचंच." लोक हळहळत. बाटल्यांचं मी कधीच बोललो नाही.

त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहायचं तर तिथेही माझी पंचाईत आहे. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना त्या तास संपल्यावर थांबवून तेच सगळं कन्नडमधून पुन्हा शिकवत. मी विचारलं, "जादा कामाचं काय मिळतं हो तुम्हाला?" तर म्हणाल्या, "माझं कन्नड सुधारतंय की." ती मुलं आज अधिकारी झाली आहेत. खडेबाजारात त्यांना वाकून नमस्कार करतात आणि मला नुसते 'काय सर' म्हणतात. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा यमुनाक्का रोज बेळगुंदीहून डबा घेऊन येत. बरी होऊन घरी आल्यावर पत्नी पहिलं वाक्य बोलली, "आक्कांसारखी आमटी तुम्हाला कधी जमायची?" आता घरात सुद्धा मी दुसराच!

गेल्या आठवड्यात हा लेख त्यांना वाचायला द्यायला गेलो. अंगणात चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचला. स्वतःच्या कौतुकावर हसल्या. बाटल्यांपाशी आल्यावर त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सगळा मजकूर आडवा खोडला.

"हे काढ रं. सर गेले. त्ये जहाज कवाच भंगारात गेलं. आता कुणाला पायजे?"

"आक्का, तुम्ही माझी कल्पना उचललीत, असं लोक अजून म्हणतात. मीच तसं म्हणत आलोय."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्या पंगतीत मी तुझ्या पाठीमागंच बसलेली."

मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं? तुला बरं वाटत हुतं. चा घेणार का?"

मी चहा घेतला. करणार काय? घरी येऊन मी, त्यांनी खोडलेला मजकूर पुन्हा जसाच्या तसा लिहिला आणि त्यांना न दाखवता थेट छापखान्यात दिला. बुद्धी, नाव, माणसं, सगळं त्यांचं मोठं. माझ्या वाट्याची एक चूक तेवढी त्यांनी घेऊन ठेवली होती. ती मी परत मागतो आहे. सरांच्या प्रश्नाला आज उत्तर देतो: सर, बाटल्या मी धुतल्या होत्या.

समारंभाच्या दिवशी हा ग्रंथ हातात पडेल तेव्हा आक्कांना हे कळेल. त्यांची तब्येत ठणठणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत, शंभरीही त्यांना अपुरी वाटो. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत. इतकं दीर्घ आयुष्य त्यांना लाभो की एकदा तरी त्या मला समोर उभं करून चांगलं खडसावतील.