ठीक दिसते

आमच्या ओहायोतल्या गावात विकाऊ घरं तपासून देणारे दोघेच. व्हर्लिन स्टुट्झमन छपरावर चढायचा, ड्वाइट केसलर चढायचा नाही. एवढ्यावरून गावात दोन पंथ पडले होते.

"छपरावर नाचून मिळतं काय? कौलं झिजतात आणि कंबर मोडते," ड्वाइट म्हणायचा. अंगणात उभं राहून दुर्बीण लावायची, मालकाची कॉफी प्यायची, झाली तपासणी.

व्हर्लिन म्हणायचा, "कुजकी फळी तळव्याला कळते, डोळ्याला नाही." डांबरी कौलांवरून तो पाऊल दाबत दाबत जायचा.

नुसता वाद असता तर विरला असता. पण व्हर्लिनच्या विधवा बहिणीनं, अर्विलानं, घर घेतलं तेव्हा हा गुडघ्याच्या ऑपरेशननं अंथरुणावर. घर तपासलं ड्वाइटनं. अहवालात लिहिलं, 'छप्पर जमिनीवरून पाहिले. ठीक दिसते.' धुराड्यामागच्या फळ्यांचा भुसा झाला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात बर्फासकट छत तिच्या पलंगावर आलं. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. घर मात्र गेलं.

ड्वाइट म्हणाला, "मी 'आहे' कुठं लिहिलं? 'दिसते' लिहिलंय."

व्हर्लिननं ती ओळ कात्रीनं कापून पाकिटात ठेवली. नऊ वर्षं.

मग ड्वाइटनं स्वतःचं घर विकायला काढलं. फ्लोरिडात लेकीच्या शेजारचं घर त्यानं हेरून ठेवलं होतं. हे विकलं की ते घ्यायचं. गिऱ्हाईक मी. मी व्हर्लिनला बोलावलं, कारण दुसरा तपासणारा म्हणजे खुद्द घरमालक!

व्हर्लिननं शिडी टेकवताच ड्वाइट धावत बाहेर आला. "ए! माझ्या छपरावर पाय ठेवायचा नाही. आधी पोट बघ स्वतःचं."

"मालकाची मनाई?"

"मनाई म्हणजे मनाई!"

"लिहून दे."

ड्वाइटनं ऐटीत सही ठोकली. मला वाटलं, आता जुंपणार. व्हर्लिननं शिडी मिटली. "तुझी दुर्बीण दे जरा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. 'छप्पर जमिनीवरून पाहिले. ठीक दिसते. वर चढण्यास मालकाने लेखी मनाई केली. मालक स्वतः घरे तपासण्याचा व्यवसाय करतात.'

मी तीनदा वाचलं आणि सौदा मोडला. रविवारी चर्चच्या जेवणात ही गोष्ट मीच सांगितली, ॲपल-पाय खात खात, दोनदा. पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक दारात उभं राहून आधी छपराकडेच बघायचं आणि निघून जायचं.

शेवटी ड्वाइट व्हर्लिनच्या दारात आला. "चढ बाबा. हवं तर नाच वर. पण नवा अहवाल दे."

"नको रे," व्हर्लिन म्हणाला. "कंबर मोडते."

लेकीशेजारचं घर त्या उन्हाळ्यात दुसऱ्यानं घेतलं.

परवा मी व्हर्लिनला विचारलं, "खरंच कुजलं होतं का हो ते छप्पर?"

"छे! ठणठणीत. खालूनसुद्धा कळत होतं."

"अहो, मग मला सांगायचं ना! घर आवडलं होतं मला."

"लिहिलं होतं की," म्हातारा म्हणाला, "ठीक दिसते."