पायरीशी काढलेली रांगोळी

गिरगावात मेट्रोच्या जिन्याशी मला रोज सकाळी एक आजी दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. पिशवी खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून त्या वाकतात आणि पहिल्या पायरीशी चिमटीने चार ठिपक्यांची रांगोळी काढतात. स्टेशनसाठी पाडलेल्या चाळीत त्यांच्या खोलीचा उंबरठा इथेच होता.

एकदा ऑफिसच्या घाईत माझाच बूट रांगोळीवर पडला. मी ओशाळलो. “आजी, पुसली हो माझ्याकडून!”

त्या चक्क खूश झाल्या. “पुसू दे रे. चाळीत दुपारपर्यंत टिकायची नाही, सारखं कोण ना कोण यायचं. आता बाराव्या मजल्यावर घर मिळालंय. तिथे दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी मलाच पुसावी लागते.”