पिवळ्या लडी आणि नवऱ्याची कावीळ

लग्नानंतर मी भवानी पेठेत आले. सासरी घरातच सूत रंगवायचे. पिवळ्या लडींचं काम असलं की आम्ही सगळे कोपरापर्यंत पिवळे. कुणाला त्याचं काही वाटत नसे. म्हणून नवरा पिवळा दिसू लागला तेव्हा सासूबाईंनी त्याला न्हाणीत बसवलं आणि रिठ्यानं घासून काढलं.

"आंगूळ कराय येत न्हाय व्हय रं तुला? घोड्यागत वाडलास की!"

"आगं, सालटं काडतीस का माजं?"

मग लाल सुताचं काम आलं. आमचे हात लाल झाले. त्याचेही झाले, पण मान, पाठ, पोट पिवळंच. जेवणही जात नव्हतं. भाकरी वाढताना मी पाहिलं, त्याच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

"आत्याबाई, डोळ्यात रंग कसा जाईल?" मी विचारलं.

त्यांनी त्याचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. त्याच उन्हाळ्यात पेठेतला एक तरणा विणकर काविळीनं गेला होता. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

शेजारणी म्हणाल्या, मनगटाला डाग द्या. सासूबाईंनी चुलीत सळई घातली. ती बघूनच नवरा उठला आणि दवाखान्याकडे चालू लागला. आम्ही दोघी मागोमाग.

डॉक्टरांनी त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली. "यकृत सुजलंय. शिंदी पितोस?"

सासूबाई म्हणाल्या, "रोज पीत न्हाय, सायेब. निस्ती संध्याकाळची."

डॉक्टर हसले नाहीत. शिंदी बंद, तेल बंद, पाणी उकळून प्यायचं, पडून राहायचं. यावर खास औषध माझ्याकडे नाही, म्हणाले. त्रास दिला नाही तर यकृत आपलं आपण बरं होतं, झीजसुद्धा भरून काढतं.

मला ते खरं वाटेना. पडलेला दात परत येत नाही, तुटलेलं बोट येत नाही. पोटातलं मांस कसं भरून येईल?

मी ज्वारीच्या मऊ कण्या, पातळ ताक, मुळ्याचा पाला द्यायचे. मधूनमधून चोखायला ऊस.

"चटणीबिगर जेवान म्हंजे शिक्षा हाय," तो म्हणायचा.

"मग मरा की," मी म्हणायचे. पण चटणी दिली नाही.

रोज सकाळी तो माझा हात बरगडीखाली ठेवायचा. "बग, हाय का?" हाताला यकृताची टणक कड लागायची. हळूहळू ती वर सरकायला लागली. लघवी निवळली, भूक लागली, डोळे पांढरे झाले. एका सकाळी मी खूप चाचपलं. हाताखाली नुसतं मऊ पोट. मी हात काढलाच नाही. ना औषध, ना डाग. आम्ही फक्त यकृताच्या वाटेतून बाजूला झालो होतो, आणि एवढं मोठं काम आत झालं होतं. देवळातसुद्धा मी कधी तशी गप्प झाले नव्हते.

संध्याकाळी त्याचे शिंदी प्यायचे सोबती दारात आले. "बरा झालास न्हवं? चल की."

त्यानं टोपी घातली. मी चुलीपाशी उभी होते, हातात पीठ. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"न्हाय येत," म्हणाला.

"बायकूला भ्यालास व्हय?"

"तिला कशाला भ्यू?" त्यानं बरगडीवर हात ठेवला. "ह्याला भ्यालोय."

ते हसत गेले. त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि पाटावर येऊन बसला. मी भाकरी थापायला घेतली.